‘आयोवाच ठरवतं’ हे वाक्य प्रबंधात लिहिण्याआधी

३ फेब्रुवारी २०२० ला अमेरिकेत दोन गोष्टी एकाच दिवशी सुरू झाल्या. आयोवा राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाचं कॉकस झालं आणि कॅलिफोर्नियात टपालाने मतपत्रिका पाठवायला सुरुवात झाली. आता समजा, कॅलिफोर्नियातल्या एका मतदाराने वेळेत, प्रामाणिकपणे मतपत्रिका भरली, पीट बुटिजेज यांच्या नावावर खूण केली आणि पाकीट परत पाठवलं. २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनात जो बायडेन मोठ्या फरकाने जिंकले, १ मार्चला बुटिजेज स्पर्धेतून बाहेर पडले. कॅलिफोर्नियाचा मतदानाचा दिवस होता ३ मार्च. पाठवलेलं मत बदलता येत नाही. म्हणजे त्या मतदाराचं मत मोजलं गेलं, पण ज्याला दिलं तो माणूस मैदानातच नव्हता. मिनेसोटात तर एमी क्लोबुशार यांनी स्वतःच्या राज्यातल्या मतदानाच्या आदल्या दिवशी माघार घेतली.

हे वाचून चीड येते ना? मलाही आली होती. माझ्या पीएचडीच्या पहिल्या प्रपोजलची पाच-सहा पानं या चिडीतूनच लिहिली होती. गाइडनी ती वाचली आणि एकच विचारलं, “तक्रार बरोबर आहे, पण यात प्रश्न कुठे आहे?” आजची पोस्ट त्या विचारण्यावर आहे. तुमच्यापैकी जे पेट किंवा नेटची तयारी करताय आणि विषय शोधताय, त्यांना हे उदाहरण उपयोगी पडेल.

आधी व्यवस्था थोडक्यात. अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायला अमेरिकेतले दोन्ही मोठे पक्ष राज्याराज्यांत मतदान घेतात. बहुतेक ठिकाणी प्रायमरी, म्हणजे गुप्त मतदान. काही ठिकाणी कॉकस. आयोवातलं डेमोक्रॅटिक कॉकस म्हणजे २०२० पर्यंत अक्षरशः शाळेच्या हॉलमध्ये, चर्चमध्ये जमून आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभं राहणं. साधारणपणे १५ टक्के लोक जमले नाहीत तर तो गट मोडायचा आणि लोकांनी दुसरीकडे जायचं. सगळी राज्यं एका दिवशी मत देत नाहीत. जानेवारी-फेब्रुवारीपासून जूनपर्यंत हे चालतं.

हा क्रम कुणी एका जागी बसून आखलेला नाही. १९६८ मध्ये ह्युबर्ट हम्फ्री एकाही प्रायमरीत न उतरता डेमोक्रॅटिक उमेदवार झाले, शिकागोच्या अधिवेशनात मोठा गोंधळ झाला, आणि त्यानंतर मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोगाने नियम बदलले. नव्या नियमांत आयोवाच्या लांबलचक प्रक्रियेला वेळ पुरावा म्हणून १९७२ पासून त्यांचं कॉकस लवकर होऊ लागलं. न्यू हॅम्पशायरने तर आपली प्रायमरी इतरांच्या किमान ७ दिवस आधी व्हावी असा राज्याचा कायदाच करून ठेवलाय. थोडक्यात, काहीसा योगायोग आणि नंतर त्या योगायोगाला चिकटून बसलेले हितसंबंध.

आता तक्रारीकडे. ‘सुरुवातीची राज्यंच सगळं ठरवतात’ हे एक वाक्य नाही. त्यात तीन वेगळे दावे एकमेकांत अडकलेले आहेत, आणि पुराव्याच्या दृष्टीने तिघांची स्थिती सारखी नाही.

पहिला दावा: ही राज्यं देशासारखी नाहीत. हा सहज सिद्ध होतो. आयोवाची लोकसंख्या जेमतेम ३२ लाख, न्यू हॅम्पशायरची सुमारे १४ लाख. दोन्हीकडे दर दहा माणसांत आठांहून अधिक गोरी. जनगणनेचा तक्ता काढला की काम झालं. पण म्हणूनच यात संशोधन फारसं उरत नाही. पहिलं राज्य देशासारखं नाही, हे वर्णन झालं. त्याने निकालात काय फरक पडतो, हा प्रश्न अजून शिल्लकच आहे.

दुसरा दावा: ही राज्यं विजेता ठरवतात. इथे जरा थांबा. डेमोक्रॅटिक बाजूला २०००, २००४, २००८ आणि २०१६ मध्ये आयोवा जिंकणाराच उमेदवार झाला. वाटतं, झालं सिद्ध! आता रिपब्लिकन बाजू बघा. २००८ मध्ये हकबी, २०१२ मध्ये सँटोरम, २०१६ मध्ये क्रूझ आयोवात पुढे होते. उमेदवारी मिळाली मॅकेन, रॉमनी आणि ट्रम्प यांना. २०२० मध्ये बायडेन आयोवात चौथे आणि न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आले, तरी अध्यक्ष झाले. कुठली यादी उचलता त्यावर निष्कर्ष ठरत असेल, तर तो निष्कर्ष नव्हे, निवड आहे. ‘आयोवात मक्याच्या इथेनॉलला विरोध केला की संपलात’ हेही असंच छातीठोकपणे सांगितलं जातं. क्रूझ यांनी इथेनॉलच्या सक्तीला विरोध केला, राज्याच्या गव्हर्नरने त्यांना हरवा असं जाहीर सांगितलं, तरी ते जिंकले.

मग सुरुवातीच्या राज्यांकडे ताकद नाहीच का? आहे. पण ती मतांत शोधाल तर सापडणार नाही. २०२० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे ३,९७९ बांधील प्रतिनिधी निवडायचे होते. आयोवाचे ४१, न्यू हॅम्पशायरचे २४. मिळून दोन टक्केसुद्धा नाहीत.

ताकद कुठे आहे ते २०१२ चा किस्सा दाखवतो. ३ जानेवारीला आयोवात मतदान झालं. रॉमनी ८ मतांनी जिंकले अशी बातमी आली. १० तारखेला त्यांनी न्यू हॅम्पशायर जिंकलं. नंतर आयोवाची पक्की मोजणी जाहीर झाली, तर सँटोरम ३४ मतांनी पुढे! मतं तीच, माणसं तीच, पण बातमी दुसरी. आणि मधल्या दोन आठवड्यांत पुढच्या राज्यांनी जी बातमी ऐकली ती चुकीची होती. सँटोरम यांना तो विजय वेळेत मिळाला असता तर काय झालं असतं, हे मला सांगता येणार नाही, कुणालाच येणार नाही. पण पुढच्या राज्यांपर्यंत मतं पोहोचत नाहीत, मतांची बातमी पोहोचते, एवढं यातून नक्की कळतं.

तिसरा दावा इथून सुरू होतो: आधी मत देणाऱ्याचा प्रभाव नंतरच्यापेक्षा जास्त. हा मात्र मोजता येतो, आणि मोजलाही गेलाय. ब्रायन नाइट आणि नेथन शिफ यांचा २०१० चा पेपर जरूर वाचा. त्यांनी २००४ ची डेमोक्रॅटिक लढत घेतली. निकाल जाहीर झाल्यावर रोजच्या जनमत चाचण्यांत काय बदल होतो ते पाहिलं. त्यांच्या मॉडेलमध्ये नुसता विजय महत्त्वाचा नाही, अपेक्षेपेक्षा चांगली कामगिरी महत्त्वाची. केरी यांनी अनपेक्षितपणे आयोवा जिंकलं आणि डीन यांची मतं त्यांच्याकडे गेली. निष्कर्ष असा की सुरुवातीच्या मतदाराचा प्रभाव नंतरच्या मतदाराच्या पाचपटांपर्यंत होता, आणि सगळ्यांनी एकाच दिवशी मत दिलं असतं तर लढत बरीच चुरशीची झाली असती.

‘पाचपट’ हा आकडा इतका आकर्षक आहे की तो लगेच प्रस्तावनेत टाकावासा वाटतो. मी टाकला होता. आता त्याबद्दल तीन आक्षेप.

एक, मूळ वाक्यात ‘पाचपटांपर्यंत’ आहे. वरची मर्यादा आपण सरासरी म्हणून वापरतो. दुसरं, हा एका पक्षाचा, एका वर्षाचा अभ्यास आहे. ‘अमेरिकेत पाचपट’ असं लिहिणं म्हणजे एका पावसाळ्यावरून कोकणाचं हवामान सांगणं. तिसरा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. या मॉडेलमध्ये नंतरचा मतदार आधीच्याकडून शिकतो. आयोवातल्या लोकांनी उमेदवाराला जवळून पाहिलंय, त्यांना काही कळलं असेल, असं तो मानतो. तसं असेल तर त्या प्रभावात अन्यायाबरोबर थोडी माहितीही आहे. पण सुरुवातीच्या पोस्टातल्या मतपत्रिकेकडे परत या. त्या मतदाराचं मत कुणी बदललं नव्हतं. त्याचा पर्यायच काढून घेतला गेला. मत बदलणं आणि पर्याय जाणं या दोन वेगळ्या हानी आहेत, आणि माझ्या वाचनात आपण पहिली मोजतो आणि रागावतो मात्र दुसरीवर.

त्यातही सगळं खापर आयोवावर फोडता येत नाही. कमला हॅरिस डिसेंबर २०१९ मध्येच बाहेर पडल्या, एकाही माणसाने मत देण्याआधी. पैसा, चाचण्या, वादसभेत उभं राहण्याच्या अटी, पक्षातल्या मोठ्यांचा पाठिंबा, ही चाळणी आधीच लागलेली असते. कोहेन, कॅरोल, नोएल आणि झॅलर यांचं २००८ चं ‘द पार्टी डिसाइड्स’ हे पुस्तक हाच मुद्दा मांडतं की खरी निवड पक्षातली मंडळी आधी करतात. २०१६ मध्ये ट्रम्प यांनी त्या मांडणीला चांगलाच धक्का दिला. तरी प्रश्न राहतोच: आयोवाची तारीख हलवली तर ही आधीची चाळणी सैल होईल की आणखी घट्ट?

दुसरी बाजूही वाचायला हवी. छोट्या राज्यात जाहिरात स्वस्त, लोकांना घरोघर भेटता येतं. १९७६ मध्ये जिमी कार्टर यांना देश ओळखत नव्हता. आयोवात तेव्हा ‘कुणालाच बांधील नाही’ हा गट पहिला आला होता, कार्टर त्याच्या मागे होते, तरी बातमी कार्टर यांचीच झाली. २००८ मध्ये जवळपास गोऱ्या आयोवाने ओबामांना जिंकवलं. सगळ्या देशात एकाच दिवशी मतदान घेतलं तर फायदा कुणाला? ज्याच्याकडे पैसा आणि आधीच नाव आहे त्याला. ही देवाणघेवाण लपवून लिहिलेला प्रबंध परीक्षक दोन मिनिटांत पकडतात.

आपल्याकडचं एक उदाहरण इथे कामाला येतं. २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात पाच टप्प्यांत मतदान झालं. चंद्रपूर-गडचिरोलीने १९ एप्रिलला मत दिलं, मुंबईने २० मेला. महिनाभराचं अंतर! पण मोजणी ४ जूनला एकदमच, आणि शेवटचा टप्पा संपेपर्यंत एक्झिट पोल दाखवायलाही कायद्याने बंदी. म्हणजे क्रम आहे, पण आधीच्याची खबर पुढच्याला नाही. तुलना सरळ नाही, हे उघड आहे, कारण आपल्याकडे उमेदवार ठरवण्याचं काम तिकीटवाटपात होतं, मतदारापर्यंत ते येतच नाही. तरी एक गोष्ट स्पष्ट होते: टप्प्यांत मतदान घेणं आणि टप्प्यांत निकाल सांगणं या वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतल्या चर्चेत पहिल्या गोष्टीवरच भांडण चालतं.

म्हणूनच २०२४ ची डेमोक्रॅटिक सुधारणा मला अपुरी वाटते. पक्षाने साउथ कॅरोलायनाला पहिला मान दिला, ३ फेब्रुवारीचा. न्यू हॅम्पशायरने ऐकलं नाही, २३ जानेवारीलाच मतदान घेतलं. मतपत्रिकेवर बायडेन यांचं नाव नव्हतं, लोकांनी ते हाताने लिहून त्यांना जिंकवलं. साउथ कॅरोलायनात काळ्या मतदारांचा वाटा मोठा आहे, त्यामुळे पहिल्या दाव्याला, म्हणजे ‘देशासारखं नाही’ला, हे काही अंशी उत्तर आहे. आणि ते उत्तर क्षुल्लक नाही. पण रांगेत पहिलं कोण, एवढंच बदललं. रांग तीच, बातमी तशीच पुढे जाणार, आणि शेवटच्या राज्यापर्यंत नावं तशीच गळत जाणार.

मग माझ्या प्रपोजलचं काय झालं? शीर्षकातून आयोवा गेलं. आता प्रश्न असा आहे: एखाद्या निकालानंतर उमेदवार माघार घेतो, त्याला किती अंशी मतं कारणीभूत असतात आणि किती अंशी अपेक्षेची बातमी? आणि त्यामुळे कुठल्या राज्यातल्या मतदाराला शेवटी किती खरे पर्याय उरतात? याचं उत्तर मला अजून माहीत नाही, आणि गाइडच्या मते प्रपोजलमधली ती पहिली चांगली गोष्ट आहे.

तुमच्या विषयावरही असंच करून बघा. ज्याची चीड येते ते एका वाक्यात लिहा. मग त्या वाक्यात किती दावे आहेत ते मोजा आणि प्रत्येकासमोर लिहा, ‘काय दिसलं तर मी चुकलो असं मानेन?’ ज्या दाव्यासमोर काहीच लिहिता येत नाही तो बाजूला ठेवा. उरलेल्यांपैकी ज्याचं उत्तर तुम्हाला आत्ता ठाऊक नाही, त्याच्यापासून सुरुवात करा. चीड टाकून द्यायची गरज नाही. कॅलिफोर्नियातलं ते पाकीट माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही, आणि रात्री अकराला डेटा साफ करायला बसतो ते त्याच्यामुळेच.