शंका कोणाच्या हाती?

राजापेठेतील आमच्या घरी रविवारचे वर्तमानपत्र आले की मिस्साहून परतलेली मंडळीही आधी राशिभविष्य उघडतात. हसत हसत वाचतात, पण वाचतात. म्हणूनच की काय, विंदा करंदीकरांनी १९७४ साली मराठीत आणलेला ‘राजा लिअर’ पुन्हा वाचताना आमचे लक्ष लिअरपेक्षा ग्लॉस्टरकडे अधिक गेले.

शेक्सपिअरने हे नाटक लिहिले त्याच सुमारास, १६०५ च्या शरद ऋतूत, चंद्र आणि सूर्य यांची ग्रहणे पाठोपाठ झाली होती. नाटकातील वृद्ध ग्लॉस्टरही ग्रहणांनी धास्तावलेला आहे. त्याचा अनौरस पुत्र एडमंड थोरल्या एडगरच्या नावाचे एक बनावट पत्र त्याच्या हाती पडू देतो. पत्रात पित्याचा काटा काढण्याचा बेत आहे. ग्लॉस्टर एडगरला समोर बोलावून एक प्रश्नही विचारीत नाही. पुत्र पित्यावर उलटणार, हे ग्रहणांनी सांगितलेच होते ना! भविष्यवाणीचा खरा घात येथे आहे. ती चौकशीची गरजच संपविते.

पिता निघून जाताच एडमंड ज्योतिषाची यथेच्छ टर उडवितो. आपल्या दुर्वर्तनाचे खापर माणसे ग्रहांवर फोडतात, हा त्याचा मुद्दा बिनतोड आहे. हेच शेक्सपिअरचे मत, असे मानण्याचा मोह होतो. आम्हांस ते पटत नाही. कारण लगेच एडगर येतो आणि हाच एडमंड ग्रहणांच्या भाकिताने चिंतित झाल्याचे सोंग आणतो. उलट निष्ठावंत केंट ताऱ्यांची सत्ता मानतो, तरी धन्याची साथ सोडीत नाही. नाटककाराने तर्क एकाला दिला आणि शील दुसऱ्याला.

तर्क आणि शील एकत्र नांदतात काय? संत ऑगस्तीन तारुण्यात ज्योतिषाच्या नादी लागले होते. एकाच घटकेला जन्मलेल्या दोन मुलांची, एक धनिकाचे व एक दासीचे, भिन्न आयुष्ये ऐकून त्यांचे डोळे उघडले. आपल्याकडे २००८ साली पुण्यात जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी १०० हुशार व १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका जमविल्या. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहून मूल कोणत्या गटातील ते सांगितले. सरासरी ४६ टक्के उत्तरे बरोबर आली; नाणे उडविले असते तरी निम्मी आली असती. येथे कोणाची टर उडविली नाही, ज्योतिषांनाच बोलावून विचारले. एडमंडच्या शंकेत नसलेला प्रामाणिकपणा तो हा.

मरताना एडमंड कॉर्डेलियाला वाचविण्यासाठी निरोप धाडतो. तोवर उशीर झालेला असतो. आमच्या धर्मग्रामातही सोयरीक जुळविताना कोणी गुपचूप पत्रिका दाखवून आणतो, आणि एखाद्या निरपराध मुलीला नकार जातो. तिला समोर बसवून कोणी काही विचारलेले नसते. परमेश्वराने माणसाला इच्छास्वातंत्र्य दिले आहे, असे आपण शिकतो. मग त्या मुलीशी आधी बोलावे, एवढेच आमचे म्हणणे.