ओवी कोणत्या खणात ठेवायची?

बहिणाबाई चौधरींचा जन्म १८८० साली जळगावजवळच्या असोद्यात झाला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. काम करता करता सुचलेली गाणी सोपानदेव आणि पितांबर चौधरी यांनी उतरवून घेतली. त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२मध्ये, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक आले. 'माहेर', 'संसार', 'मन', 'पेरनी', 'कापनी' अशी गाण्यांची नावे वाचताना समोर विषयांची यादीच उभी राहते.

यादीने सोय झाली, पण वाटणीही झाली. 'मन' आणि 'संसार' तत्त्वज्ञानाच्या खणात गेली आणि भाषणाभाषणांतून फिरली. 'रगडनी', 'उपननी' शेतीच्या खणात राहिली. ती क्वचितच कुणी म्हणते. वास्तविक 'मन'मध्ये मनाला उपमा आहे ती उभ्या पिकात शिरणाऱ्या गुराची, आणि 'संसार'मधला धडा मिळतो तो तापलेल्या तव्यापाशी. बांधावर उभे राहून ज्याने कधी गुरे हाकलली नाहीत, त्याला ती उपमा अर्धीच कळते. बहिणाबाईंचे शहाणपण कामातून आलेले आहे. ते कामापासून तोडले की सुविचार तेवढा उरतो.

मग विषयवार मांडणी वाईटच का? तसे नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आणि विषयांनुसार लावल्या. सीतेचा वनवास, आई-लेक, पंढरीची वारी, बाबासाहेब आंबेडकर अशा विषयांखाली अनेक गावांच्या बायका एकत्र बोलू लागतात. गाव किंवा गाणारीनुसार लावलेल्या वह्यांत हा मेळ सहजी दिसला नसता. सीतेची बाजू किती जणींनी, किती परींनी घेतली, हे अशा मांडणीतच कळते.

पण दळताना बाई विषय धरून बसत नाही. माहेरच्या ओवीमागून विठ्ठलाची येते, तिच्यामागून भावाची. हा क्रमही अर्थच सांगतो, आणि खणांत घालताना तोच आधी तुटतो. या संग्रहात ओवीसोबत गाणारीचे आणि गावाचे नाव जपले आहे, म्हणून परतीची वाट निदान उघडी राहते. बहिणाबाईंच्या छापील गाण्याखाली मात्र ते कधी आणि कोणत्या कामावर सुचले, याची नोंद सहसा नसते.

ज्ञान विषयांनी लावावे, पण प्रत्येक तुकड्यावर तो कुठून उचलला त्याची खूण हवी. जळगावच्या विद्यापीठाला २०१८पासून बहिणाबाईंचे नाव आहे. तिथे 'मन' शिकवताना शेजारी 'उपननी' उघडली, तर त्या नावाला अर्थ येईल.