बांधकाम नियमावली आणि स्थळतपासणी : एक चिकित्सा

बांधकामाची परवानगी आणि बांधकामाची सुरक्षितता या दोन भिन्न बाबी होत. महाराष्ट्रातील नियमन-व्यवस्थेत मात्र पहिलीने दुसरीची जागा घेतल्याचे दिसते. बृहन्मुंबई व काही निवडक क्षेत्रे वगळता राज्यभर डिसेंबर २०२० मध्ये एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. शहरागणिक वेगळ्या नियमांची गुंतागुंत तिने कमी केली, हे श्रेय तिला द्यावेच लागेल. परंतु चटई क्षेत्र, अधिमूल्य, हस्तांतरणीय विकास हक्क यांचे गणित तिच्यात जेवढ्या बारकाईने मांडले आहे, तेवढ्या बारकाईने बांधकाम चालू असताना कोणी, केव्हा, काय पाहावे हे मांडलेले नाही.

जोत्यापर्यंतचे काम झाल्यावर मालकाने तांत्रिक व्यक्तीमार्फत सूचना द्यावयाची, सात दिवसांत अधिकाऱ्यांनी पाहणी करावयाची आणि त्या मुदतीत नकार न आल्यास परवानगी मिळाली असे मानावयाचे, ही पद्धत पूर्वीच्या नियमांतूनच आलेली आहे. मौनाला येथे संमतीचे मूल्य आहे. शिवाय पाहणीचा हेतू काम मंजूर नकाशाप्रमाणे आहे किंवा नाही, एवढाच. सामासिक अंतर इमारत उभी राहिल्यावरही फितीने मोजता येते. स्तंभातील सळयांचा व्यास आणि रिंगांमधील अंतर मात्र काँक्रीट ओतण्यापूर्वीच पाहावे लागते. नेमक्या त्या वेळी प्राधिकरणाचा माणूस तेथे असतोच असे नाही. ती जबाबदारी संरचना अभियंत्याच्या प्रमाणपत्रावर सोपविलेली असते आणि त्याचे मानधन सामान्यतः विकासकच देतो.

४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याजवळ शीळफाटा येथे इमारत कोसळून ७४ जण मृत्युमुखी पडले. ती विनापरवाना होती. तपासणीचा टप्पाच तेथे उद्भवला नाही. महाडचे उदाहरण अधिक बोलके आहे. २४ ऑगस्ट २०२० रोजी कोसळलेली ‘तारिक गार्डन’ ही पाच मजली इमारत दहा वर्षांचीही नव्हती. १६ जणांचे प्राण गेले आणि विकासक, वास्तुविशारद, आरसीसी सल्लागार यांच्यासह नगरपरिषदेच्या अधिकाऱ्यांवरही गुन्हा नोंदविला गेला. महानगरपालिका क्षेत्रांत ३० वर्षांवरील इमारतींना संरचनात्मक परीक्षणाची अट आहे. महाडला ती लागू असती, तरी या इमारतीला तिने स्पर्शही केला नसता.

प्रत्येक स्लॅबपूर्वी सळयांची पाहणी विकासकाच्या वेतनावर नसलेल्या अभियंत्याने करावी, ही अपेक्षा अवाजवी नाही. नगरपरिषदांकडे अभियंते अपुरे आहेत, हा आक्षेप खरा आहे. पण विकास शुल्क त्याच नगरपरिषदा वसूल करतात.