बोंड, घाटा आणि झुरळाची डबी

झुरळांवरच्या एका माहितीपटाचं मराठी निवेदन लिहिताना मी सपशेल तोंडघशी पडले. मादीच्या पोटामागे तपकिरी, छोट्या पाकिटासारखं काहीतरी असतं आणि आत ओळीनं अंडी. इंग्रजीत त्याला ऊथीका म्हणतात. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ अंडं आणि पेटी. मी लिहिलं, 'मादी आपला अंडकोष भिंतीला चिकटवून निघून जाते.' निवेदकानं ते मोठ्यानं वाचलं आणि रेकॉर्डिंग थांबलं. का ते तुम्हाला सांगायला नको.

शब्द व्युत्पत्तीनं अचूक होता, पण कुणीतरी आधीच वापरून टाकला होता. आपल्या पारिभाषिक मराठीचं दुखणं मला इथे दिसतं. दोन संस्कृत तुकडे जोडले की शब्द झाला, असं आपण धरून चालतो. तो तोंडात घेऊन बघत नाही.

बियांच्या बाजूला मात्र असं झालं नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. मराठी विश्वकोशातल्या वनस्पतींच्या नोंदींत फळाच्या एका प्रकाराला सरळ 'बोंड' म्हटलंय. कापसाचं, अफूचं असतं तेच बोंड. शेतातला शब्द उचलला आणि त्याला शास्त्राची शिस्त लावली. त्या शिस्तीनं पाहिलं तर शेवग्याची शेंग ही शेंगच नाही! खरी शेंग वाटाण्यासारखी दोन कडांनी उकलते, शेवग्याची वाळली की तीन फाकांत. म्हणजे ते बोंड. भेंडीही बोंडच, आणि कुळही कापसाचंच. आमटीतल्या शेंगेला बोंड म्हणायला मी काही तयार नाही, पण वाद मराठीतल्या मराठीत घालता येतो, ही चैन आहे. 'शिंबावंत कुल' वाचून असा वाद सुचत नाही.

शाळेतलं 'बीजांड' मला आवडतं. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ नुसता 'छोटं अंडं'. आपल्या शब्दात बी आणि अंडं दोन्ही आहेत, आणि फुलाच्या पोटातली ती वस्तू आहेही तशीच.

मग अंड्यांच्या वेष्टनांशी आपण इतके कंजूष का? मला वाटतं, आपले शब्द हाताच्या कामातून आले. हरभऱ्याचा घाटा सोलायचा, भुईमुगाचं टरफल फोडायचं, नारळाचं सोडण काढायचं, सरकी वेगळी करायची. अंड्यांतही जिथे हात पोचला तिथे शब्द आहे: माशाची गाभोळी खायची असते, लीख मारायची असते. एकच अळी हरभऱ्यावर घाटेअळी आणि कापसावर बोंडअळी होते. ती ज्या घरात शिरते त्याचं नाव तिला मिळतं. ती ज्या अंड्यातून येते त्याला मात्र वेगळं नाव नाही. आता परोपजीवी गांधीलमाशीनं आत आपली अंडी घातलेली पतंगाची अंडी चिकटवलेले कागद शेतकरी पिकात लावतात, तर 'ट्रायकोकार्ड' हा शब्द शेतात रुळला. पुन्हा हातच.

पण हा माझा सिद्धान्त पुरता टिकत नाही. शार्क-वाघळ्यांच्या जातीतल्या काही माशांची रिकामी अंडकवचं किनाऱ्यावर वाहून येतात, त्यांना इंग्रजीत 'जलपरीचा बटवा' म्हणतात. ते ना खायचं, ना मारायचं. कुणीतरी नुसतं वाकून बघितलं. आपल्याकडेही मातीची घरं बांधून त्यात अंडं घालणाऱ्या माशीला कुंभारीण हे नाव असंच बघून दिलेलं असणार. असे आणखी शब्द किनाऱ्यांवर आणि गोठ्यांत असतील. परिभाषा घडवणाऱ्यांनी तिकडे विचारायला हवं होतं.

माहितीपटात शेवटी 'अंड्यांची डबी' गेलं. निवेदक अडखळला नाही. पण डबीला झाकण असतं. झुरळाच्या त्या पाकिटाला वरच्या कडेनं शिवण असते आणि पिल्लं ती उसवून बाहेर येतात. 'बटवा' जास्त जवळ गेला असता, पण तो मला प्रसारणानंतर सुचला.