वाण्याची पाटी आणि मजुराचं माप

आफ्रिकी देशांच्या विमा परिषदेचं फ्रेंच आद्याक्षरांतून बनलेलं नाव कानावर पडतं ते ‘सीमा’ असं, आणि तिचं काम मात्र सीमा पुसण्याचं! १० जुलै १९९२ रोजी कॅमेरूनच्या याउंदे शहरात तिचा करार झाला आणि १९९५ पासून तो लागू झाला. आज सेनेगलपासून काँगोपर्यंत पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतले चौदा देश एकच विमा संहिता पाळतात.

संहिता काय चवीनं वाचायची? मी वाचतो. तिचं तेरावं कलम २०११ साली नव्यानं लिहिलं गेलं. हप्ता हाती पडल्याशिवाय विमा सुरूच होत नाही, एवढंच त्याचं सार. आधी त्या जागी नोटिसा, मुदती, स्थगिती अशी लांबण होती आणि तोवर कंपन्यांच्या वह्या न आलेल्या हप्त्यांनी फुगत. नव्या कलमाला वाण्याच्या दुकानातल्या ‘आज रोख, उद्या उधार’ या पाटीचा खणखणीतपणा आहे. गंमत अशी, की सरकारी विम्याला मात्र मुदतीची सवलत आहे. संहिता मंजूर करतात ते मंत्रीच; पाटी लावणारेच उधारीची गिऱ्हाइकं!

देखरेखीचा आयोग सगळ्यांचा मिळून एक आहे, परवाना मात्र देशोदेशी वेगळा काढावा लागतो. इथे संहितेची लय तुटते.

खरी कारागिरी मोटार अपघाताच्या भरपाईत आहे. चाडमधलं दारिद्र्य वेगळं, तेलावर पोसलेल्या गॅबॉनमधलं वेगळं. भरपाईची कमाल मर्यादा फ्रँकच्या आकड्यात बांधली असती, तर ती एकीकडे डोईजड आणि दुसरीकडे तुटपुंजी ठरली असती. संहितेनं माप म्हणून नाणं घेतलंच नाही, मजुराचं किमान वेतन घेतलं. ज्या देशात अपघात, तिथल्या वार्षिक किमान वेतनाच्या पटीत या मर्यादा मोजायच्या. एकच वाक्य चौदा ठिकाणी चौदा रकमा सांगतं. अर्थात या मापाला एक क्रूर बाजूही आहे. सरकारनं वेतन वर्षानुवर्षं गोठवलं, की मेलेल्या माणसाचं मोलही त्याबरोबर गोठतं. आयव्हरी कोस्टमध्ये २०२३ च्या आरंभी महिन्याचं किमान वेतन ६०,००० फ्रँकवरून ७५,००० वर गेलं, तेव्हा संहितेतला एक स्वल्पविरामही न हलता अपघातग्रस्तांच्या भरपाईची मर्यादा पाव पटीनं वर सरकली.