चिमट्याने दिलेला पाव

महामारीच्या साहित्यात वैद्य भेटतात, रुग्ण भेटतात, धर्मगुरू भेटतात, प्रेते वाहणारेही भेटतात. दुकानात उभा असलेला माणूस मात्र क्वचितच भेटतो. वास्तविक घरात कोंडून घेतलेल्यालाही भूक लागतेच आणि त्याच्यासाठी कोणाला तरी दुकान उघडे ठेवावेच लागते. साहित्याने या माणसाकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, हा प्रश्न मनाशी धरून आम्ही दोन जुन्या ग्रंथांचे पुनर्वाचन केले. पहिला, डॅनिएल डिफो या इंग्रज लेखकाचा १७२२ साली प्रसिद्ध झालेला ‘अ जर्नल ऑफ द प्लेग इयर’. दुसरा, आलेस्सांद्रो मान्झोनी या इटालियन कॅथलिक लेखकाची कादंबरी ‘ई प्रोमेस्सी स्पोझी’, म्हणजे ‘वाङ्निश्चय झालेले वधूवर’. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली विवाहोत्सुक तरुणांना आवर्जून वाचायला सांगितलेली ती हीच कादंबरी.

डिफोने १६६५ सालच्या लंडनमधील प्लेगची कथा एका खोगीर-व्यापाऱ्याच्या तोंडून सांगितली आहे. भाऊ शहर सोडण्याचा आग्रह करतो. हा मात्र दुकान आणि माल यांच्या काळजीने घुटमळतो. तो बायबल उघडतो, एक्क्याण्णवावे स्तोत्र समोर येते आणि त्याचा राहण्याचा निश्चय होतो. निवेदक स्वतः व्यापारी असल्यामुळे बाजारातील बारकावे त्याच्या नजरेतून सुटत नाहीत. गिऱ्हाईक मांसाचा तुकडा खाटकाच्या हातून घेत नाही, आकड्यावरून स्वतः काढून घेते. खाटीकही पैशाला हात लावीत नाही. नाणी व्हिनेगरच्या भांड्यात टाकायला लावतो. मोड परत घ्यावी लागू नये म्हणून गिऱ्हाईक सुटे पैसे बरोबर आणते. इतकी खबरदारी घेऊनही व्हाइटचॅपलच्या खाटकांमध्ये रोगाने असा हाहाकार माजवला की थोडीच दुकाने उघडी राहिली. पाववाल्यांना तर भट्ट्या अखंड पेटत्या ठेवण्याचा हुकूम होता. तो मोडणाऱ्याला नगराचा सनदी सदस्य म्हणून असलेले हक्क गमवावे लागत.

येथवर येऊन डिफो थांबतो. तो हुकूम नोंदवतो. परंतु त्या हुकमाखाली भट्टीपुढे उभ्या राहिलेल्या माणसाला रात्री झोप लागत होती काय, हे विचारीत नाही.

मान्झोनीकडून आमची अपेक्षा अधिक होती. ज्या काळात कादंबरीचे नायकपद सरदारांकडे जाई, त्या काळात त्याने रेशीम कातणाऱ्या रेंझो आणि लुचिया या गरीब जोडप्याला कथेच्या केंद्रस्थानी बसवले. १६२८ सालच्या दुष्काळात मिलान शहरात पावासाठी दंगल उसळते. तिचा पहिला बळी ठरतो तो पाठीवर पावाची टोपली घेऊन घरोघर निघालेला एक पोरगा. जमाव त्याला घेरतो. त्याच्या चेहऱ्याचा रंग पालटतो, शब्द फुटत नाही, आणि तो घाईघाईने टोपलीच्या पट्ट्यांतून हात सोडवू लागतो. दोनच वाक्यांत मान्झोनी त्या पोराच्या अंतःकरणात शिरतो.

पुढे १६३० साली प्लेग येतो. रेंझो मोंझा गावी एका पाववाल्याकडे दोन पाव मागतो. दुकानदार त्याला आत येऊ देत नाही. पाण्यात व्हिनेगर घातलेली वाटी तो एका लहान फावड्यावरून पुढे करतो, पैसे तीत टाकायला सांगतो आणि मग चिमट्याने एकेक पाव देतो. मिलानमध्ये शिरल्यावर एका स्त्रीला तिच्या मुलांसह घरात कोंडून सारे विसरून गेल्याचे रेंझोला आढळते. तो तेच दोन पाव तिला देतो. ती वरून दोरीने टोपली खाली सोडते, हा प्रसंग वाचताना डोळे पाणावतात.

परंतु वाचकहो, ते पाव आले कोठून? रेंझोच्या दानशूरतेमागे तो मोंझाचा पाववाला उभा आहे. त्याने त्या दिवशी दुकान बंद ठेवले असते, तर रेंझोचे हात रिकामेच राहिले असते. आमच्या व्यवसायबंधूंपैकी दोन आब्बोंदियो या भित्र्या धर्मगुरूच्या भीतीला मान्झोनीने प्रकरणेच्या प्रकरणे दिली. पाववाल्याच्या भीतीच्या वाट्याला फक्त चिमटा आला. प्रत्येक दुय्यम पात्राच्या मनात शिरणे लेखकाला शक्य नसते, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. तथापि टोपलीवाल्या पोरासाठी दोन वाक्ये पुरली होती. दोघांही लेखकांनी दुकान पाहिले ते गिऱ्हाइकाच्या बाजूने, हेच आम्हाला त्यांचे वैगुण्य वाटते.

हा दोष केवळ त्यांचा नाही. २२ मार्च २०२० रोजी आपण थाळ्या वाजवल्या. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली, पण किराणा, दूध, भाजी आणि औषधे यांची दुकाने चालू राहिली. २७ मार्च रोजी पावसात भिजलेल्या निर्मनुष्य संत पीटर चौकातून पोप फ्रान्सिस यांनी वैद्य आणि परिचारिका यांच्या पाठोपाठ सुपरमार्केटमधील कामगारांचाही उल्लेख केला. आम्ही मात्र प्रवचनांतून धान्य वाटणाऱ्यांचे कौतुक केले. धान्य मोजून देणाऱ्यांचे नाव घेतल्याचे आम्हाला स्मरत नाही.

त्या दिवसांत आम्हीही दुकानात जात असू. नोट फळीवर ठेवायची, मागे सरायचे, पिशवी उचलायची. गल्ल्यावरची मुलगी आमच्याच धर्मग्रामातील होती, हे मुखपट्टीमुळे आम्हाला कित्येक आठवडे कळले नाही. पुढे तिने एवढेच सांगितले, “फादर, घरी गेल्यावर मी आजारी आईचं ताट दाराशी ठेवून लांब उभी राहायचे.” दुकानातला चिमटा तिच्या घरापर्यंत पोहोचला होता.

डिफो आणि मान्झोनी यांना जे लिहिता आले नाही, ते हे वाक्य आहे. ते लिहू शकतील अशी मुले-मुली आपल्या घराघरांत आहेत. त्यांना वीर ठरवण्याची घाई आपण करू नये. ती अपेक्षाही त्यांनी केलेली नाही. गल्ल्याच्या आतून जग कसे दिसले, एवढेच त्यांनी लिहावे आणि आपण ते वाचावे.