हिशेबाच्या वह्या आणि प्रतिपूर्ती

चर्च ऑफ इंग्लंडच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्या चर्च कमिशनर्स या संस्थेने, अटलांटिकपारच्या गुलामव्यापाराशी असलेल्या आपल्या जुन्या संबंधांविषयीचा अहवाल जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. तो ईश्वरविज्ञानाच्या अभ्यासकांनी अवश्य वाचावा. मंडळी आपल्या पापांविषयी बहुधा प्रार्थनेच्या भाषेत बोलते. येथे ती जमाखर्चाच्या भाषेत बोलली आहे, आणि आम्हांस हेच अहवालाचे मोठे बळ वाटते.

राणी ॲनच्या नावाने १७०४ साली उभारलेला निधी गरीब पाळकांच्या निर्वाहासाठी होता. त्याची रक्कम साउथ सी कंपनीत गुंतविली गेली. स्पॅनिश वसाहतींना गुलाम पुरविण्याचा मक्ता या कंपनीकडे १७१३ पासून होता. गुलामव्यापारात धनाढ्य झालेल्या एडवर्ड कोल्स्टनची देणगीही निधीत आली. अहवालावर काही इतिहासकारांनी घेतलेला आक्षेप मात्र उपेक्षणीय नाही. निधीजवळ होते ते मुख्यतः कंपनीचे वर्षासनरोखे. त्यांवरील व्याज सरकारी कर्जातून येई, माणसांच्या विक्रीतून नव्हे. हा भेद अहवालाच्या मांडणीत अधिक ठळकपणे यावयास हवा होता. पापाची कबुली अतिशयोक्त झाली की ती नाकारू पाहणाऱ्यांचेच फावते.

परंतु या आक्षेपाने मंडळीची सुटका होत नाही. बार्बाडोसमधील कॉड्रिंग्टन मळे १७१० साली मृत्युपत्राने एस.पी.जी. या अँग्लिकन मिशनसंस्थेस मिळाले. तेथील गुलामांच्या छातीवर सुरुवातीच्या काळात ‘सोसायटी’ हा शब्द तापल्या लोखंडाने डागला जाई. पुढे गुलामगिरी रद्द करताना ब्रिटिश सरकारने मालकांसाठी २ कोटी पौंड मंजूर केले. त्यांतून या संस्थेस ४११ माणसांबद्दल ८,८२३ पौंड मिळाले. त्या माणसांस काहीच मिळाले नाही. कमिशनर्सच्या वह्यांत हे प्रकरण नाही, म्हणून ते अहवालाच्या कक्षेबाहेर राहिले. हीच संस्था पुढे अहमदनगर भागात सुवार्ताकार्यास आली आणि तिच्या शाळांचे ऋण मानणारी घराणी आपल्या मंडळ्यांत आहेत. तेव्हा हा प्रश्न केवळ इंग्लंडचा म्हणून दूर सारणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

उपायाविषयी अहवाल दुबळा पडतो. नऊ वर्षांत १० कोटी पौंडांचा निधी जाहीर झाला, आणि मार्च २०२४ मध्ये देखरेख गटाने तो १०० कोटींपर्यंत वाढावा असे सुचविले. लोकांचा वाद आकड्यावर रंगला. आमचा प्रश्न निराळा आहे. गणना ५:५-८ मध्ये अपराध्याने कबुली द्यावी, मुद्दल भरावे, वर पंचमांश घालावा आणि ज्याचा अपराध केला त्यासच ते द्यावे, असा नियम आहे. घेण्यास कोणी आप्त उरला नसेल तरच ती भरपाई परमेश्वराची, म्हणजे याजकाची होते. येथे तर ऋणको स्वतःच याजक! मुद्दल गुंतवून त्याच्या उत्पन्नातून अनुदाने देण्याच्या योजनेत धनकोची जागा कोणती, हे अहवाल नीट सांगत नाही. जक्कयाने चौपट परत करण्याचे वचन दिले, तेव्हा त्याच्या मनात नाडलेली माणसे होती, एखादी गुंतवणूक नव्हे.

एस.पी.जी.ची वारस संस्था यू.एस.पी.जी. हिने २०२३ मध्ये कॉड्रिंग्टनसाठी १.८ कोटी बार्बाडोस डॉलरांचा संकल्प सोडला. रक्कम लहान आहे. पण त्यात तेथील वस्तीचा विकास, दफनभूमींचे जतन आणि वंशजांच्या कुळांचा शोध यांचा समावेश आहे. गणनेतील नियमाशी आम्हांस हा संकल्प अधिक जुळता वाटतो.